मैना पाय चोरतेय

घोडं तीन पायांवर उभं राहिलं की कुणीही डॉक्टरला फोन लावतं, त्यात ठरवायचं काही नसतं. पंचाईत होते ती जराशा लंगडण्याची. सावकाश चालवलं तर काही दिसत नाही, चंदी, म्हणजे दाणा, नेहमीसारखी संपते, हाक मारली की कान टवकारतात आणि तरी दुडकीवर, म्हणजे हलक्या पळीवर, काढलं की कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे ‘होईल उद्या बरी’ हा पक्ष कायम बहुमतात असतो.

आम्ही वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याच्या अंगाला राहतो. शेती आहे, म्हशी आहेत आणि वरातीची घोडी आहे. मैना. पांढरीशुभ्र, हलगी वाजली की अंगात आल्यासारखी नाचणारी. मिरवणुकीत तिला धरायचं काम नानांचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं. दाणापाणी, खरारा, औषधं आणि सुपाऱ्यांची वही माझ्याकडे. तुळशीचं लग्न लागलं की त्या वहीची पानं भरायला लागतात, आणि घोडीला दुखायला नेमके हेच दिवस सापडतात.

सकाळी तिला डांबरीवरून कॅनॉलकडे पाण्याला नेत होतो. समोरून उसाची ट्रॉली आली म्हणून नानांनी तिला बाजूला घेताना थोडं पळवलं. मी मागे होते. टापांचा आवाज इतका सवयीचा असतो की त्याकडे लक्ष जात नाही. त्या वेळी गेलं, कारण एक ठोका जोरात पडत होता आणि पुढचा दबका. दुडकीत दोन-दोन पाय जोडीनं पडतात, त्यामुळे घोडं धड असेल तर दोन्ही ठोके सारखे ऐकू येतात. इथं तसं नव्हतं. ट्रॉली निघून गेल्यावर नानांना परत तेवढंच पळवायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. तेच.

“नाना, मैना पाय चोरतेय.”

“चालतीया की नीट. खडा लागला असंल.”

“पुढचा पाय आहे. उजवा का डावा ते बघू द्या.”

नाना म्हणाले उजवा, कारण उजवा पाय टेकला की ती मान खाली घालत होती. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पुढचा पाय दुखत असेल तर घोडं तो टेकताना डोकं वर उचलतं, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो, आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. मान खाली जाते तो पाय शाबूत असतो. म्हणजे दुखणं डाव्यात होतं. (मागच्या पायाचं दुखणं असेल तर मानेकडे न बघता पाठीमागे उभं राहून पुठ्ठे बघायचे; दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.) हे बघताना दोर सैल सोडावा लागतो. धरणाऱ्यानं तोंडाजवळ आवळून धरला तर मान हलायचीच नाही, मग काय दिसणार? जमीनही कडक आणि सपाट हवी. शेतातल्या मऊ मातीत असलं बारीक लंगडणं दिसत नाही.

अमेरिकेतल्या अश्ववैद्यांच्या संघटनेची लंगडण्याची एक मोजपट्टी आहे, ० ते ५. ५ म्हणजे पायावर भारच घेत नाही, ४ म्हणजे साध्या चालीतही उघड दिसतं, ३ म्हणजे दुडकीत दर वेळी दिसतं. त्याच्या खालचे १ आणि २ म्हणजे कधी दिसतं, कधी नाही, किंवा ठरावीक वेळीच दिसतं, जसं कडक जमिनीवर, वळताना किंवा पाठीवर कुणी बसल्यावर. मैना सरळ रस्त्यावर दोन-तीनच्या मध्ये कुठेतरी होती. अंगणात फरशीवर डावीकडून लहान गोल फिरवलं, डावा पाय आतल्या बाजूला आला, तेव्हा स्पष्ट दिसलं.

मग पाय उचलून घेतला. पुढच्या पायाचं लंगडणं असेल तर आधी खूर बघायचं, कारण दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. लोक खांद्याला तेल चोळत बसतात आणि खुराकडे कुणी बघतही नाही. आकडीनं तळवा साफ केला. खडा नव्हता, काच नव्हती, कुजका वासही नव्हता. मधल्या रबरासारख्या त्रिकोणी भागात काही रुतलेलं नव्हतं. नाल घट्ट होती. पण ती नवी होती. चाचांनी, म्हणजे आमच्या नालबंदांनी, आठवड्याच्या आतच मारली होती. हे मी मनात नोंदवून ठेवलं. खिळा खुराच्या आतल्या जिवंत भागाला लागला तर घोडं जागच्या जागी पाय झटकतं. पण कधीकधी तो आत न लागता त्या भागाच्या फार जवळून जातो, त्याला दाबत राहतो, आणि लंगडणं काही दिवसांनी सुरू होतं.

पुढचं काम हाताचं. दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून ऊब ताडून बघितली. डावा किंचित गरम वाटला, पण सकाळचं ऊन त्याच बाजूनं येत होतं, म्हणून त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. नाडी मात्र फसवत नाही. खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कडांनी एकेक रक्तवाहिनी खाली उतरते. दोन बोटं हलकी ठेवून मागेपुढे सरकवली की कातडीखाली दोरी सरकल्यासारखी लागते. तिथे थांबायचं, दाबायचं नाही. धड पायात ठोका सापडायला वेळ लागतो, कधी सापडतही नाही. खुरात आग असेल तर तो बोटाला टकटक जाणवतो. मी आधी उजव्यात शोधला, जेमतेम लागला. डाव्यात लगेच लागला, पण फार जोरात नव्हता. घोटा, त्यामागची शीर (कंडरा), गुडघा चाचपले. सूज नाही, दाबल्यावर पाय ओढून घेणं नाही. थर्मामीटर लावला: १००.४. मोठ्या घोड्याचं ९९ ते १०१ फॅरनहाइट साधारण ठीक. (थर्मामीटरला दोरा आणि शेपटीला चिमटा. दोऱ्याशिवाय घोड्याला थर्मामीटर लावणाऱ्यांच्या धाडसाला माझा नमस्कार.) सगळं सुपाऱ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर वेळेसकट लिहून ठेवलं.

आता ठरवायचं होतं: आत्ताच बोलवायचं की वाट बघायची?

काही गोष्टी दिसल्या असत्या तर मी नानांना विचारलंही नसतं. पायावर भार घेत नाही. तळव्यात खिळा किंवा तार घुसलेली दिसतेय. अशी वस्तू शक्यतो उपटायचीही नाही, डॉक्टर येईपर्यंत पाय तसाच सांभाळायचा, कारण ती कुठून आणि किती खोल गेलीय हे एक्स-रेत दिसतं, उपटली की भोक मिटतं आणि वाट हरवते. सांध्याजवळ जखम, मग ती उडदाएवढी का असेना. ताप. घोट्यामागची शीर गरम आणि सुजलेली. दोन्ही पुढचे पाय पुढे काढून घोडं मागे रेलून उभं आहे आणि वळायला नको म्हणतंय. हे शेवटचं वरातीच्या घोड्यात विशेष सांभाळावं लागतं. मांडवात जो तो पेढे, लाडू, हरभरा तिच्या तोंडात कोंबतो. धान्य आणि गोड एकदम जास्त गेलं तर पोट बिघडतं आणि त्याचा मार खुरांवर येतो. खूर आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारा थरच सुजतो. हे सगळं त्याच घटकेला फोन करायचं काम आहे. शिंगरू लंगडलं तरी तसंच. शिंगराला आईचा पाय लागला असेल असं धरून बसायचं नाही, त्यांच्या सांध्यात संसर्ग होतो आणि तो सांधा कायमचा जायबंदी करतो.

मैनाला यातलं काहीच नव्हतं. लंगडणं हलकं, भूक चांगली, ताप नाही. अशा वेळी एक दिवस पूर्ण विश्रांती देऊन परत बघणं चालतं. दोन दिवसांत स्पष्ट फरक पडला नाही तर डॉक्टर, आणि मधेच वाढलं तर ताबडतोब. पुस्तकी नियम एवढाच. पण विश्रांती म्हणजे ठाणावर बांधून ठेवणं. ‘रानात सोडू, हिंडून पाय मोकळा होईल’ हा आमच्याकडचा आवडता उपाय मी चालू दिला नाही. तळव्याला ठेच असेल किंवा शीर ताणली असेल तर हिंडण्यानं ती मोकळी होत नाही, वाढते.

नानांना रविवार दिसत होता. रविवारी भुईंजच्या बाजूला वरात होती, पैसे चांगले ठरले होते, आगाऊ रक्कमही घेतलेली होती.

“आगं पोरी, मेडिकलमधनं एक सुई आणू. दुखायचं थांबलं की नाचंल. रविवार निघून जाऊंद्या, मग दाखवू की डॉक्टरला.”

नानांना मैनाची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. रात्री उठून तिच्यावर झूल टाकणारे तेच. पण त्या सुईचा विचार करा. दुखणं थांबतं, आतलं जे बिघडलंय ते तसंच राहतं, आणि घोडी त्या पायावर दोन तास डांबरीवर नाचते. नंतर डॉक्टर आला तर लंगडणंच दाबलेलं असतं, तो कुठे दुखतंय हे कशावरून शोधणार? शिवाय मेडिकलमध्ये हातात येते ती माणसांची सुई. त्यातलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी वापरायला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गिधाडं दिसेनाशी झाली त्याचं मोठं कारण हे.

गल्लीतले सल्ले वेगळेच. हळद-चुन्याचा लेप, ठीक आहे, पण लेप लावलेल्या पायाची ऊब मग कुणालाच कळत नाही. एकानं डागणी सुचवली. खांद्याला तापवलेलं लोखंड लावायचं, म्हणजे खुरातलं दुखणं पळून जातं म्हणे. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

दिवसभर ती ठाणावर होती. चंदी निम्मी केली, कारण उभ्या घोड्याला कामाच्या घोड्याइतका दाणा लागत नाही, कडबा-गवत नेहमीएवढंच. संध्याकाळी त्याच डांबरीवर, त्याच दोन खांबांच्या मधे, नानांनीच दोर धरून तिला पळवली. जागा आणि माणूस तेच ठेवावं लागतं, नाहीतर फरक घोड्यातला की रस्त्यातला ते कळत नाही. लंगडणं सकाळएवढंच होतं, अजिबात वाढलं नव्हतं. नाना खूश. मी नाडी बघितली. उजव्यात सकाळसारखीच, शोधावी लागली. डाव्यात बोट ठेवायच्या आत लागली, टकटक, टकटक. आणि खूर आता सावलीतही गरम होता.

मी फोन केला तो यावर. लंगडणं किती आहे यापेक्षा बाकीच्या खुणा कुठल्या बाजूला सरकतायत ते मला मोठं वाटलं. तेच लंगडणं नाडी उतरताना दिसलं असतं तर सकाळपर्यंत गप्प बसले असते. त्यात तो शुक्रवार होता. शनिवार-रविवारी डॉक्टर मिळणं आणि लंगडणं एकदम वाढणं यांचं वाकडं असतं हा अनुभव जनावरं पाळणाऱ्या प्रत्येकाला असेल.

फोन केला म्हणजे डॉक्टरला घरी आणलं असं नाही, हे नानांना समजावायला मला लग्नसराईचे कित्येक हंगाम गेलेत. फोनवर सांगायचं, ते म्हणतील तसं करायचं. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो, घोडं महिन्यातून एखादं. म्हणून ‘साहेब, घोडी लंगडतेय, या’ एवढं सांगून भागत नाही. मी वही समोर धरली. डावा पुढचा, दुडकीत दिसतं, चालीत नाही. नाल नवी. ताप सकाळी १००.४, आत्ता १००.८. नाडी डाव्यात वाढलीय. सूज नाही, जखम नाही, खातेय. औषध काही दिलेलं नाही. सोबत व्हिडिओ पाठवले: समोरून, मागून आणि बाजूनं. बाजूचा व्हिडिओ घेताना मोबाइल आडवा धरून घोडं पूर्ण दिसेल एवढं लांब उभं राहायचं. आमचे पहिले सगळे व्हिडिओ नानांच्या धोतराचे असायचे.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. नाल मारताना पाय झटकला होता का? आणि धनुर्वाताची लस कधी दिली? पहिल्याचं उत्तर नाना म्हणाले, “एकदा झटकला व्हता, पर ती झटकतीच.” दुसऱ्याचं उत्तर वहीत होतं. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, म्हणून खुरात काही घुसल्याची नुसती शंका आली तरी हा प्रश्न येतोच. “आत्ता भार घेतेय ना? मग सकाळी येतो. वेदनाशामक काही देऊ नका. नालबंदाला बोलावून ठेवा,” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मनात शिरवळचा पर्यायही होता. तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून तासाभरावर आहे. पण दुखऱ्या पायाचं घोडं टेम्पोत चढवून खंबाटकी पलीकडे न्यायचं म्हणजे त्यानं प्रत्येक ब्रेकला आणि वळणाला त्याच पायावर तोल सावरायचा. एक्स-रे लागलाच तर जायचं, उगाच नाही असं ठरवलं. ज्यांच्या ओळखीचा डॉक्टर नाही त्यांच्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा. तो मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवलेला बरा.

सकाळी मैना डावा पाय पुढे काढून उभी होती. घोडं मागचा पाय ढिला सोडून उभं राहिलं तर ती त्याची विश्रांती असते. पुढचा पाय असा पुढे काढून ठेवलाय म्हटल्यावर दुखतंय हे नक्की. बाहेर काढली तर साध्या चालीतही लंगडत होती. नाना काही बोलले नाहीत, त्यांनी स्वतःच चाचांना फोन लावला.

डॉक्टरांनी पाय मांडीवर घेतला आणि लांब दांड्यांच्या चिमट्यानं खूर कडेकडेनं दाबत गेले. टाचेकडे काही नाही. मध्ये काही नाही. बाहेरच्या बाजूला, पुढून दुसऱ्या खिळ्यापाशी दाबलं तशी मैनानं पाय हिसकावला. परत दाबलं, परत तेच. चाचांनी खिळे एकदम न उपटता एकेक करून काढले आणि प्रत्येक खिळा डॉक्टरांच्या हातात दिला. तो दुसरा खिळा निघाला तेव्हा त्याचं टोक ओलं होतं, आणि भोकातून काळसर करडं पाणी आलं, घाण वासाचं. थोडं कोरल्यावर आणखी आलं. आत पू धरला होता, कोंडलेला, आणि खूर काही कातडीसारखं फुगत नाही, म्हणून ठणका. पुवाला वाट मिळाली की आराम पडतो. नाही मिळाली तर तो वर सरकत जाऊन खुराच्या वरच्या कडेला फुटतो आणि दुखणं कितीतरी लांबतं.

चाचा ओशाळले होते. डॉक्टर म्हणाले, खुराची भिंत इथे पातळ आहे, कुणाचाही खिळा जवळ गेला असता. मला ते पटलं. चाचा घोड्याचा पाय लहान मुलाच्या हातासारखा धरतात, आणि आम्ही नालबंद बदलला नाही.

उपचार साधा. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर बुडवायचं, पोटीस भरायचं, वरून लहान बाळाचा डायपर आणि त्यावर जाड टेप. वाईतल्या दुकानात मी डायपर घ्यायला गेले तेव्हा साइज काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पायात बसेल असा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. वेदनाशामक डॉक्टरांनी आता दिलं, कुठे दुखतंय ते सापडल्यावर. संध्याकाळी ती पायावर भार घेऊन उभी होती आणि डायपर कुरतडायच्या प्रयत्नात होती.

वरातीचं पार्टीला फोनवर सांगितलं तेव्हा ते चिडले, ते साहजिक आहे. लग्न पुढे ढकलता येत नाही. त्यांच्याच गावाकडच्या एका ओळखीच्या घोडेवाल्याला सुपारी दिली, आगाऊ रक्कम त्याच्याकडे वळती केली. त्याची घोडी नाचत नाही, नुसती चालते, असं नाना दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

भोक सुकून कडक झाल्यावर चाचांनी नाल परत मारली, त्या जागेचा खिळा गाळून. डॉक्टरांनी घरी न येता त्याच रस्त्यावरचा व्हिडिओ मागितला. दोन्ही ठोके सारखे आले. तरी नाचवायला त्यांनी पुढच्या नालेपर्यंत परवानगी दिली नाही, म्हणजे आणखी महिना-दीड महिना. तोवर नुसती मिरवणूक, तीही कमी अंतराची. नानांनी त्या काळातल्या सुपाऱ्या ‘शांत घोडी’ म्हणून घेतल्या, भाव मात्र नाचणारीचाच सांगितला.

वहीच्या मागच्या पानावर आता नाल मारल्याची तारीख आणि कुठला खिळा गाळला ते लिहिलेलं असतं. परवा बघितलं तर त्याच्या खाली नानांच्या अक्षरात एक ओळ आहे: भुईंजवाल्याकडून एक वरात येणे बाकी.